चार डिसेंबर आणि आमच्या आईचं नाव

आज सकाळपासून व्हॉट्सॲपवर कराची जळतेय. नौदल दिन आला की दरवर्षी तेच फोटो, तेच आगीचे लोळ. बाबा होते तेव्हा हे बघून वैतागायचे. "कराची आमी नाय मारली. आमी दुसऱ्या अंगाक होतो," एवढं म्हणून मोबाईल परत द्यायचे.

दुसरं अंग म्हणजे बंगालचा उपसागर. बाबा विक्रांत या विमानवाहू जहाजावर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, होते. कराचीवर क्षेपणास्त्रं पडली ती ४ डिसेंबर १९७१ची रात्र, आणि त्याच दिवशी विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर बॉम्ब टाकले. पुढे चितगाव. देवगडचा माणूस, जन्म सगळा पश्चिम किनाऱ्यावर, आणि छातीवर मेडल पूर्व आघाडीचं, 'पूर्वी स्टार'. ते मेडल आमच्याकडे काळ्या ट्रंकेत, आजीच्या तुटक्या नथीच्या डबीत असायचं. का, ते कुणी विचारलं नाही.

लहानपणी मला वाटायचं बाबांनी तोफ चालवली असणार. त्यांनी विमान उडतानासुद्धा पाहिलेलं नाही. ते पार खाली, बॉयलर रूममध्ये. विक्रांतला चार बॉयलर. त्यातल्या एकाला युद्धाच्या आधीच तडा गेलेला, म्हणून तीनवरच काम भागवायचं. आता यात काय एवढं, असं आपल्याला वाटेल. पण विमानवाहू जहाजाला विमान सोडताना वाऱ्याच्या तोंडावर पळावं लागतं. वारा पडलेला असेल तर जहाजाचा वेग हाच वारा. शिवाय विमानाला पुढे फेकणारी यंत्रणाही त्याच वाफेवर चालते. म्हणजे वर वैमानिकानं अंगठा दाखवला की खाली तीन बॉयलरांचा जीव काढायचा. बाबा सांगायचे, "वर काय चल्लाहा ता आमका आवाजावरसून कळायचा. गेला इमान, की जरा पाणी पियाचा." विक्रांतच्या मागावर आलेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, हेसुद्धा त्यांना नंतर कळलं.

ही झाली त्यांची बाजू. पण मला लिहायचंय ते आईबद्दल.

आई तेव्हा वाडीत, पोटात मी सहा महिन्यांचा. बाबांना पत्र घालायचं ते फ्लीट मेल ऑफिस, मुंबई या पत्त्यावर. जहाज अंदमानात असो नाहीतर गोदीत, पत्ता तोच. त्यामुळे आईच्या हिशेबी नवरा मुंबईच्या बाजूला. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ती बातमी वाडीत पोचली ती अशी: "मुंबयसून सुटलेली बोट बुडाली." बोटीचं नाव कुणाला धड सांगता येईना. आमच्या घरात रेडिओ नव्हता. खोतांच्या ओटीवर होता, पण तिथे बायकांनी जाऊन बसायची पद्धत नव्हती. आईनं काय केलं? भात कांडला. तीन दिवसांत घरातलं होतं नव्हतं तेवढं सगळं भात कांडून काढलं. आजी म्हणाली, "बास गो, पोटात पोर आसा." तर ही म्हणे, "हात थांबलो तर डोक्या चलता."

वाडीत तार आली की उघडायच्या आधीच रडारड व्हायची, इतकी तारेची दहशत. आईला तार आली नाही. युद्ध संपल्यावर कार्ड आलं. चार ओळी. मी खुशाल आहे, कलमांना मोहर धरला का, आबांचा खोकला कसा आहे, जपून राहा. युद्धाचा शब्द नाही. आईनं ते कार्ड फाडून चुलीत घातलं. रागानं. हे तिनं मला गेल्या वर्षी सांगितलं, तेही हसत.

पंधरा वर्षं भरल्यावर १९७८ला बाबा पेन्शन घेऊन आले. तेव्हा मुंबईची बोट देवगडात लांब उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागायचे. मी सहा वर्षांचा, बंदरावर आणायला गेलेलो. पडावातून उतरलेल्या एका माणसानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी आईच्या लुगड्यामागे गेलो. पुढचं वर्षभर मी त्यांना 'ते' म्हणायचो.

मग बाबांनी बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायला घेतली. बॉयलर रूमनं कान नेलेले, पण स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून दांडा दातात धरायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. तांडेल लोक लांबून येत. घरात मात्र आई ओरडून ओरडून बोलायची. आजही ती फोनवर अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशीच बोलते.

२०१९ला बाबा झोपेत गेले. फॅमिली पेन्शनचे कागद केले तेव्हा कळलं की सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आईचं नाव चुकीचं आहे. लग्नातलं नाव एक, आधारवर दुसरं, रेकॉर्डला तिसरंच. कुणा कारकुनानं पन्नास वर्षांपूर्वी ऐकून लिहिलेलं. आठ महिने फेऱ्या. प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, परत प्रतिज्ञापत्र. एका टेबलावर विचारलं, सेवाकाळात पतीसोबत किती राहिलात? आईनं बोटं मोजली. १९६९ला लग्न, वर्षाची दोन महिने रजा. "नऊ वर्सांत दीड वर्स," ती म्हणाली, नेहमीच्या आवाजात. ऑफिसातले सगळे वळून बघायला लागले.

२०२३ला नौदल दिन आमच्या जिल्ह्यात, मालवणात झाला. सिंधुदुर्गासमोर युद्धनौका उभ्या राहिल्या. मी गेलो होतो, अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण भाषणांत आरमार आलं, क्षेपणास्त्रं आली, आणि माझ्या डोक्यात ते भात कांडणं चालू होतं. देशानं त्या पंधरा वर्षांचा पगार एका माणसाला दिला. काम दोघांनी केलं. दुसऱ्याचं नाव निदान नीट लिहून घ्यायला काय जात होतं?

विक्रांत २०१४ला भंगारात गेली. तिचं पोलाद वितळवून बजाजनं 'व्ही' ही मोटरसायकल काढली आणि माझ्या पुतण्यानं हट्टानं घेतली. बाबांनी चालू गाडीच्या टाकीवर हात ठेवून बराच वेळ अंदाज घेतला. मग म्हणाले, "तीनावरच चल्लाहा वाटता." पोरगा म्हणाला, आजोबा, हिला एकच सिलिंडर आहे.

या रविवारी तालुक्यात माजी सैनिकांच्या पत्नींचा सत्कार आहे. पत्रिका आली. आईनं चष्मा लावून वाचली. नाव परत चुकलंय, आता चौथं. मी फोन करायला निघालो तर म्हणाली, "ऱ्हवांदे. येतंय म्हणान सांग. पण रिक्षा नको, ती इक्रांतची गाडी घेऊन ये."

वय शहात्तर, रस्ता खड्ड्यांचा. तरी पुतण्याला गाडीत हवा भरून ठेवायला सांगितलीय.