वास गेला म्हणजे धोका गेला, असं सांगणाऱ्यांना

माझा भाचा आयटीआय करून तेलाच्या टाक्या साफ करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे लागतोय. परवा त्याने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग ट्रेनिंगला जाऊ की नको?" मेसेज म्हणतो की तेल-गॅसवाल्यांचं सेफ्टी ट्रेनिंग म्हणजे पैसे उकळायचा धंदा, जुन्या कामगारांचे चार उपाय पुरेसे आहेत. पेट्रोलियमच्या सुरक्षेचे नियम राबवणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय ज्या नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे, त्याच नागपुरात हे फिरतंय, याचा संताप येतो.

पहिला उपाय : 'विषारी गॅसला सडक्या अंड्याचा वास येतो. वास थांबला की खुशाल आत उतरा.' हे वाक्य माणूस मारेल. हा गॅस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. त्याचा वास येतो तो अगदी थोडा गॅस असताना. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे १०० भाग) आसपास काही मिनिटांतच नाक बधिर होतं. गॅस तेवढाच असतो, कधी वाढलेलाही असतो, पण वास थांबतो. ५०० ते ७०० पीपीएमला माणूस पाचेक मिनिटांत कोसळतो. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी साचतो आणि गाळात अडकून राहतो. मॅनहोलपाशी, म्हणजे टाकीत उतरायच्या तोंडाशी, गॅस मोजायचा मीटर शून्य दाखवतो, आत फावडं गाळात घातलं की गॅस सुटतो. म्हणूनच मीटरची नळी वर, मध्ये आणि तळाशी सोडून तीनदा मोजायचं आणि काम चालू असतानाही मीटर अंगावर ठेवायचा. नाकाने हे होत नाही.

दुसरा उपाय : 'विहिरीत सोडतो तसा कंदील सोडून बघा, विझला नाही की उतरा.' अरे, ती विहीर आहे, ही पेट्रोलची टाकी! हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की भडका उडायला ठिणगीही पुरते, आणि तुम्ही पेटती वात सोडताय. हायड्रोजन सल्फाइड तर कंदिलाला कळतही नाही. ५०० पीपीएम म्हणजे हवेचा ०.०५ टक्के, त्याने वात विझत नाही.

तिसरा उपाय : 'नाकाला ओला रुमाल, तोंडात गुळाचा खडा.' यांनी गॅस अडत नाही. विषय संपला.

चौथा : 'जोडीदार पडला तर श्वास रोखून त्याला ओढून काढा.' अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १९८६ सालीच बजावलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृतांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला धावलेले असतात. बेशुद्ध माणूस उचलायचा तर श्वास घ्यावाच लागतो. बाहेरच्याने आत जायचं नाही. आरडाओरडा करायचा, आतल्याच्या अंगावरच्या हार्नेसच्या (पट्ट्यांच्या) दोरीने, टाकीच्या तोंडावर उभ्या केलेल्या ट्रायपॉडवरून (तिपाईवरून) त्याला वर ओढायचं. उतरायचंच झालं तर पाठीवर हवेचा सिलिंडर घेतलेल्या, शिकलेल्या माणसानेच.

पैसे उकळण्याबद्दल मेसेज निम्मा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. इंग्रजी स्लाइड दाखवून संध्याकाळी सर्टिफिकेट हातात ठेवणारी दुकानं आहेत. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा : मीटर स्वतः चालवू देता का? सिलिंडर पाठीवर चढवून चालायला लावता का? मराठी-हिंदीत शिकवता का? नाही म्हणाले तर दुसरं ठिकाण बघा, आणि फी कंत्राटदाराकडे मागा.