नानांनी आभाळ घासलं

गेल्या रविवारी नानांनी माझं आभाळ घासून काढलं. तारेच्या घासणीनं. आणि जिन्यात गाठून सांगितलंही, "साहेब, तुमचं ते भांडं लई घाण झालं होतं ओ. चकाचक करून ठेवलंय."

ते भांडं म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक घुमट. त्याच्या आत कॅमेरा, खाली वायरिंगच्या दुकानातून आणलेला प्लास्टिकचा डबा, डब्यात 'रास्पबेरी पाय' नावाचा तळहाताएवढा संगणक, आणि शेजारी तापमान, आर्द्रता, पाऊस मोजायची खेळणी. हा संसार मी लातुरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर, अध्यक्षांना दोनदा चहा पाजून थाटला. दर पाच मिनिटांनी आभाळाचा एक फोटो निघतो. कशासाठी, ते विचारू नका. बायकोनं विचारून झालंय.

सुरुवातीच्या फोटोंत आभाळ चुना फासल्यासारखं पांढरंफटक, आणि खालची पाण्याची काळी टाकी मात्र इतकी देखणी की स्थळाला फोटो पाठवावा. कारण साधं होतं. कॅमेरा सगळ्या चौकटीच्या उजेडाची सरासरी काढतो. त्यातला खालचा तिसरा हिस्सा टाकीनं अडवलेला, म्हणून त्याला वाटतं, अंधार आहे. तो उजेड वाढवतो, टाकी उजळते आणि आभाळ जळून जातं. मग कॅमेऱ्याचं तोंड वर केलं, उजेडाचं माप फक्त आभाळावरून घ्यायला लावलं, आणि एक अंधारा, एक मधला, एक लख्ख असे तीन फोटो लागोपाठ काढून त्यांची मोट बांधली. तेव्हा कुठं ढगांना पोट दिसायला लागलं.

संध्याकाळही या यंत्राला पटत नसे. मावळतीला लाली चढली की त्याला वाटे, कुणीतरी पिवळा बल्ब लावलाय, आणि ते इमानेइतबारे ती लाली पुसून टाकी. रंगांचा तोल दिवसाच्या उजेडावर खिळा ठोकल्यासारखा पक्का केला, तेव्हा केशरी रंग परत आला. शिवाय "कॅमेरा उत्तरेकडे लावा, सूर्य आडवा येत नाही" हा सल्ला. देणारे सगळे युरोपातले. लातूर १८.४ अंशांवर, इथं मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्यच आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर उघड उघड उत्तरेच्या बाजूनं डोकावतो. जूनभर माझ्या निम्म्या फोटोंत आभाळाऐवजी भट्टी होती. शेवटी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून कॅमेऱ्याला झापड लावलं. गांधीलमाशीनं त्या झापडाखाली मातीचं घर बांधलं, ती वेगळी कथा.

एवढ्या तीन महिन्यांच्या मरमरीवर नानांनी घासणी फिरवली.

नाना तळमजल्यावर राहतात. एसटीत ड्रायव्हर होते. डबा बसवला त्याच दिवशी वर येऊन त्यांनी चौकशी केली होती, "यानं ढग पळून तर जात नाहीत ना?" २०१५ साली औरंगाबादहून विमान उडवून कृत्रिम पावसासाठी ढगांवर फवारणी केली होती, त्या विमानानं आलेला पाऊस हाकलून दिला, असं नानांचं ठाम मत आहे. माझा डबा नुसता बघतो, काही करत नाही, हे पटवायला अर्धा तास गेला.

"नाना, अहो ती काच नाही. प्लास्टिक आहे."

"मग तर बरंच झालं. काच फुटली असती."

"निदान पाण्यानं तरी धुवायचं."

नाना दोन पायऱ्या खाली उतरले होते, ते परत वर आले. "पाणी? पारव्याच्या शिटीला पाणी? साहेब, तुम्ही सोळा साली लातुरात नव्हता वाटतं."

नव्हतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी नांदेडच्या शाखेत होतो, आणि हा माझा गुन्हा नाना महिन्यातून एकदा तरी काढतातच. पहिली गाडी, १० वाघिणी, ५ लाख लिटर. हा हिशेब ते असा सांगतात, की जणू तांब्यानं स्वतः मोजून घेतलं. तेव्हापासून नानांच्या घरी अंघोळीच्या पाण्यानं फरशी पुसतात आणि फरशीचं पाणी तुळशीला जातं. म्हणून घुमट कोरडाच घासला. आठवडाभराची धूळ, तिच्यावर तार, आणि तिच्यावर ३४ वर्षं स्टेअरिंग वळवलेला हात. आधी पाणी ओतून धूळ वाहवून, मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं हलकेच पुसायचं असतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग आधी सांगायचं नाही का? तसं लिहून चिकटवायचं."

ओरखडे फोटोत दिसत नाहीत, कारण भिंगाची नजर लांबवर लावलेली असते. पण प्रत्येक ओरखडा उजेड विस्कटतो, आणि सगळ्या फोटोवर सायीसारखा पडदा येतो. ढगांची पोटं गेली, कडा गेल्या. मी हिरमुसून फोटो नानांना दाखवला, जरा तरी ओशाळतील म्हणून. नानांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल लांब धरला.

"हां! आता बघा. आधी तुमचे ढग कसे कोरडे दिसायचे. आता ओले दिसायलेत."

आणि तो फोटो त्यांनी अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकला. ११ अंगठे आले. तीन महिने मी टाकलेल्या फोटोंना मिळून चार आले होते, त्यातला एक माझ्या मेव्हण्याचा. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्याच फोटोवर गुलाब चिकटवून 'शुभ सकाळ' केलं.

रागवावं तरी कसं, कारण नाना लगेच म्हणाले, "असला एक डबा आमच्या रानात लावून द्या की." पिकाच्या भरपाईसाठी २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी, आणि ते मोजायचं महसूल मंडळाच्या यंत्रानं. यंत्र नानांच्या रानापासून दहा-बारा किलोमीटर लांब. पाऊस बांधाच्या अलीकडं कोसळतो आणि पलीकडं धूळ उडते, हे मराठवाड्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. कागदाला तेवढं ठाऊक नाही. मागच्या साली नानांचं सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं राहून कुजलं आणि यंत्रातला आकडा काही भरला नाही. "तुमचा फोटो दाखवला तर पंचनाम्याला चालंल का?" मी म्हणालो, नाही चालणार. नाना म्हणाले, "मंग एवढं निळं करून काय करायलाव?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. म्हणून मी टूथपेस्ट काढली.

स्पिरिट लावलं तर अ‍ॅक्रिलिक तडकतं; बारीक ओरखड्यांवर पांढरी टूथपेस्ट मात्र चालते. मंगळवारी रात्री टॉर्च दातात धरून मी घुमटावर अर्धा तास गोल गोल फडकं फिरवलं. मागून आवाज आला, "साहेब, डब्याला दात आले काय?" चूळ भरायला, म्हणजे घुमटाच्या, मी बादली आणली होती. नानांच्या देखत अर्ध्या तांब्यातच उरकलं. कडेच्या खाचेत पेस्ट राहिली, आणि पेस्ट गोड असते.

बुधवारी सकाळी मला जाग आली ती जिन्यातल्या धावपळीनं. पावणेसातच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात काळाकभिन्न डाग. त्याखाली ग्रुपवर नानांचा संदेश: 'रेणापूरकडनं काळं आलंय.' वहिनींनी कपडे काढले होते. नानांनी गावाकडं भावाला फोन करून सोयाबीनची फवारणी थांबवली होती. मजुराची हजेरी देऊन झालेली, पंपात औषध कालवलेलं.

मी वर धावलो. घुमटाच्या कडेला मुंग्यांचा पुंजका होता. मी फुंकर मारली. मुंग्या पांगल्या. पुढच्या फोटोत आभाळ रिकामं.

नाना मागं उभे होते. एकदा मोबाइल बघितला, एकदा रेणापूरची दिशा, मग माझं तोंड.

"पंधरा साली त्या विमानानं बी असंच घालवलं होतं," ते म्हणाले, आणि खाली निघून गेले.