बर्फातली सायकल आणि आमची धास्ती

बर्फावरून सायकलने कामावर जाताना वाटणाऱ्या धास्तीविषयी एका लेखिकेने आपल्या लेखात जे मोकळेपणाने लिहिले आहे, ते मी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी बसून दोनदा वाचले, कारण माझी मुलगी फिनलंडमधील औलू शहरात रोज सायकलनेच कामावर जाते. आमच्याकडे पारा 10 अंशांखाली उतरला तरी शेकोटीजवळून उठवत नाही. त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात तिच्या काळजीने मला झोप लागत नसे. मग तिने व्हिडिओ कॉलवर टायर दाखवला. रबरात धातूचे बारीक खिळे ओळीने बसवलेले होते. काचेसारख्या घट्ट बर्फात ते रुततात. भुसभुशीत बर्फात मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही, तेथे टायरमधील हवा थोडी कमी ठेवावी लागते. निसरड्या वळणावर पुढचा ब्रेक दाबू नये, ही तिची सूचना लेखिकेनेही अवश्य पाळावी. 2013 साली हिवाळी सायकलिंगची आंतरराष्ट्रीय परिषद भरवणाऱ्या या शहरात सायकलमार्गांवरील बर्फ नियमित हटवून, दाबून सपाट केला जातो, आणि माझ्या मते खरा धीर त्यानेच येतो. मार्ग साफ नसेल त्या दिवशी मुलगी बसने जाते; तसा माझा आग्रहच आहे.