मोरोपंत अजून यायचेत

माझी सासुरवाडी मुरूडची. पाहुण्यांना जंजिरा दाखवायचं काम सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, आणि अण्णांना वेळेवर घराबाहेर काढायचं काम माझं. यातलं अवघड कोणतं, ते माझ्या बायकोलाही ठाऊक आहे.

गेल्या डिसेंबरात पुण्याहून मामेसासरे आणि मामी आले. सकाळी आठला निघायचं ठरलं. आठला अण्णा आंघोळीला गेले, नऊला पूजेला बसले, साडेनऊला त्यांना आठवलं की सुपारी वाळत घालायची राहिलीय. दहाला सगळे गाडीत. दहा वाजून दोन मिनिटांनी अण्णा परत घरात, टोपी राहिली म्हणून. तेवढ्यात सासूबाईंनी घावनांचा डबा अण्णांच्या हातात दिला, म्हणजे तोही वेळ सत्कारणी लागला. होडी पकडायला राजपुरीच्या धक्क्याकडे जाताना अण्णांना ओळखीचे तीन जण भेटले. चौथा ओळखीचा निघाला नाही, पण त्याच्याशी सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं.

धक्क्यावर शिडाच्या होडीत बसलो. किल्ला समोर, पण दरवाजा कुठे दिसेना. मामेसासरे म्हणाले, "अहो, पण शिरायचं कुठून?" नावाडी म्हणाला, "जवळ गेलो की दिसल." खरंच, अगदी तटाखाली आल्यावर दोन बुरुजांच्या मध्ये दरवाजा उगवला.

हा किल्ला कुणाला जिंकता आला नाही. शिवाजी महाराजांनी समोरच पद्मदुर्ग बांधला, संभाजीराजांनी दगड टाकून खाडी बुजवायला घेतली, तरी किल्ल्याचे धनी सिद्दी 1948 पर्यंत तिथेच. एकदा पद्मदुर्गाच्या लाय पाटलांनी म्हणे रात्री तटाला शिड्या लावल्या आणि महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांच्या माणसांची वाट बघत राहिले. उजाडायला आलं तरी कुणी येईना, तेव्हा शिड्या काढून परत फिरले. इतिहासकार याची कारणं शोधोत. मला वाटतं, मोरोपंतांच्या घरीही एखादे अण्णा असणार.

आता उतरणं. होडी लाटेवर वर-खाली आणि पायऱ्यांवर शेवाळ. दोन नावाडी दोन्ही दंड धरून माणसाला गोणीसारखं वर देतात. "मी म्हटलं की पाय टाका," त्यातला एक म्हणाला. मामींनी तो म्हणायच्या आधीच टाकला आणि नंतर पाच मिनिटं माझा खांदा सोडला नाही.

"पाऊण तास. होडी थांबायची नाही," नावाड्यानं बजावलं.

दरवाज्यावरचा हत्तींना पकडून बसलेला वाघ आम्ही चालता चालता पाहिला. कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढायला मामेसासऱ्यांना सात मिनिटं लागली, कारण प्रत्येक वेळी त्यांचे डोळे मिटलेले. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचं तळं, याचं मला खरंच नवल वाटतं, पण नवल वाटायला वेळ कुठे होता? तळ्याकाठी मागे वळून पाहिलं तर अण्णा गायब.

आम्ही धावत दरवाज्याशी आलो. नावाडी ओरडायला लागला. मामी पुन्हा गोणी होऊन होडीत पोहोचल्या. मी शेवटच्या पायरीवर, एक पाय शेवाळात, लाय पाटलांसारखा वाट बघत उभा. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"ते टोपीवाले तुमचेच ना?" नावाडी म्हणाला.

राजपुरीच्या निम्म्या वाटेवर एक दुसरीच होडी चालली होती. तिच्यात अण्णा कुणा ओळखीच्या माणसाशेजारी बसले होते. मांडीवर घावनांचा डबा उघडा होता आणि आमच्याकडे बघून ते टोपी हलवत होते.