वर्गात परतलो, चॅटबॉक्स मागेच राहिला

कोविड लशीचे दोन्ही डोस झालेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातली महाविद्यालयं २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली, तेव्हा माझ्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींनी हुश्श केलं. बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकटींशी बोलून सगळेच विटले होते. आमच्या एम.एस्सी.च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हापासून एकच वाद घोळतोय. एक गट म्हणतो, ऑनलाइननं पोरं बिघडवली, मोबाइल दाराबाहेर ठेवा आणि ७५ टक्के हजेरी कडक करा. दुसरा गट ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम करण्याची यूजीसीची मुभा पुढे करतो आणि विचारतो, मग वर्ग हवेत कशाला?

मी इंग्लंडमध्ये, लीड्सला संख्याशास्त्र शिकवते. झूमला इथलेही लोक तितकेच वैतागले होते. पण वर्गात परतताना आम्ही त्यातलं थोडं सामान बरोबर आणलं. त्या सामानाबद्दल ग्रुपवर कुणी अवाक्षर काढत नाही.

त्यात पहिला चॅटबॉक्स. वर्षभर तोंड न उघडणारी मुलं तिथे लिहायची: ‘तिसऱ्या ओळीत वर्गमूळ कुठून आलं?’ एकशेवीस जणांच्या वर्गात हात वर करणं म्हणजे एकशेवीस माना आपल्याकडे वळवून घेणं. आपल्याकडे त्यात इंग्रजीची भीती मिसळते. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी प्रथम वर्षाच्या वर्गात शंका विचारायच्या आधी मनात वाक्य जुळवत बसते. जुळेपर्यंत फळा पुसलेला असतो. चॅटमध्ये तीच मुलगी अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बिनधास्त टाइप करत होती, हे मला पुण्यातल्या मैत्रिणीनंच सांगितलं होतं. आता माझ्या प्रत्येक तासाला पडद्यावर क्यूआर कोड असतो. मुलं फोनवरून प्रश्न टाकतात, पंधरा-वीस मिनिटांनी मी थांबून ते वाचते. लिहिणाऱ्याचं नाव मला दिसतं, वर्गाला नाही. पूर्ण निनावी ठेवलं की पहिल्याच आठवड्यात कोण काय लिहील याचा नेम नाही. मुलं सगळीकडे सारखीच.

दुसरं, मतदान. चार पर्याय द्यायचे, सगळ्यांनी आपापलं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. यात नवं काही नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मेझर १९९१ पासून हे करत आले आहेत, आणि सुरुवातीला त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातात साधी कार्डं असत. म्हणजे वाय-फाय रडत असेल तरी अडत नाही. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायच्या आत बसवलेले आणि ती गेल्यावर कापडाखाली गेलेले स्मार्ट बोर्ड पाहिले की मला ही कार्डं आठवतात.

अर्धे विद्यार्थी वर्गात, अर्धे घरी, असा दुहेरी तास मात्र कुणी आणू नये. मी तो घेतला आहे. दोघंही उपाशी राहतात.

रेकॉर्डिंगचं प्रकरण सरळ नाही. इथे ते निव्वळ शिक्षणप्रेमातून रुजलं असं समजू नका. इंग्लंडमध्ये अपंग विद्यार्थ्यांना सरकारी भत्त्यातून टिपणं काढून देणारा माणूस मिळायचा. २०१६ च्या सुमारास सरकारनं ती जबाबदारी बऱ्याच अंशी विद्यापीठांवर ढकलली. प्रत्येकाला माणूस देण्यापेक्षा प्रत्येक तास रेकॉर्ड करणं स्वस्त होतं. फायदा मात्र बऱ्याच जणांना झाला. भारतातून आलेली मुलं माझा तास रात्री पुन्हा ऐकतात, थांबवत, मागे नेत. मशीनची उपशीर्षकं माझ्या उच्चारापुढे हात टेकतात, ‘व्हेरिअन्स’चं ‘व्हेरी नाइस’ करतात, तरीही मुलं चालवून घेतात. सकाळी नऊच्या तासाची हजेरी घटते, हेही खरं. मला तो सौदा परवडतो.

पण रेकॉर्ड झालेला तास कुणाचा? २०१८ मध्ये पेन्शनच्या प्रश्नावरून इथले प्राध्यापक संपावर गेले, तेव्हा काही विद्यापीठांत जुनी रेकॉर्डिंग लावून वेळ निभावण्याचा विचार झाला आणि ठिणगी पडली. कॅनडात तर कहर झाला. २०२१ च्या जानेवारीत माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातला एक विद्यार्थी ऑनलाइन कलेतिहास शिकत होता. प्राध्यापकांना काही विचारावं म्हणून त्यानं त्यांचा ईमेल शोधला, तर कळलं की ते २०१९ मध्येच वारले आहेत. व्याख्यानं चालूच होती.

महाराष्ट्रात हा प्रश्न जास्त बोचरा आहे, कारण आपल्याकडचं कितीतरी शिकवणं तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या, प्राध्यापकांच्या खांद्यावर आहे. तास झाला तरच पैसे. अशा माणसाचा तास एकदा रेकॉर्ड झाला की पुढच्या वर्षी त्याला बोलवायचं कारण काय उरतं? ग्रुपवर अशाच एका मैत्रिणीनं विचारलं होतं, ‘माझं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं तर त्याचे पैसे मला मिळणार का?’ कायम नोकरीतल्या मंडळींनी हा प्रश्न ‘तंत्रज्ञानविरोध’ म्हणून उडवून लावला. मला तो या सगळ्या वादातला सर्वांत शहाणा प्रश्न वाटला. रेकॉर्डिंग त्याच तुकडीपुरतं, त्याच सत्रापुरतं, आणि शिकवणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय पुन्हा वापरायचं नाही, एवढं नेमणूकपत्रात यायला हवं. इथल्या संघटना अजून यासाठी भांडतात, आणि त्यांच्याकडे पक्की नोकरी आहे.

म्हणून त्या मैत्रिणीला माझं सांगणं असं: हे कागदावर येईपर्यंत कॅमेऱ्याला होकार देऊ नकोस. प्रश्न टाकायची सोय मात्र तू याच सत्रात सुरू कर. एक गूगल फॉर्म पुरतो. प्राचार्यांकडून तुझ्या तासापुरती मोबाइलबंदीतून सूट तेवढी मागून घे.