भारतात ज्यू किती? त्याआधी विचारा, कुठे?

इस्रायलची बातमी आली की कुणीतरी विचारतंच, "आपल्याकडे ज्यू किती?" ठरलेलं उत्तर: पाचेक हजार. २०११ च्या जनगणनेत ४,६५० जणांची नोंद ज्यू म्हणून झाली, त्यामुळे उत्तर अगदी चूक नाही. पण नुसत्या या आकड्यावरून काहीच कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी तो आकडा येतो कुठून ते बघा. जनगणनेच्या फॉर्मवर संकेतांक फक्त सहा धर्मांना असतो: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन. बाकीच्यांचं धर्माचं नाव प्रगणकानं पूर्ण लिहायचं. मुख्य तक्त्यात हे सगळे 'इतर धर्म व पंथ' या रकान्यात जातात. २०११ मध्ये तिथे ७९ लाखांवर लोक होते, त्यात मोठा वाटा आदिवासी धर्मांचा. ज्यूंचा आकडा हवा तर परिशिष्टच उघडावं लागतं. समाज एवढा लहान की पन्नास नोंदी इकडच्या तिकडे झाल्या तरी एक टक्क्याहून जास्त फरक पडतो.

आता मुद्द्याची गोष्ट. सामूहिक प्रार्थनेतले महत्त्वाचे भाग म्हणायला मिनयान लागतो, म्हणजे परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुष, तेही एकाच जागी. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, वाहन वापरलेलं चालत नाही, म्हणून सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) पायी जाण्याच्या अंतरावर हवं. देशभर विखुरलेले शंभर पुरुष एकही मिनयान उभा करू शकत नाहीत. एका गल्लीतले पंधरा सहज करतात! (सुधारणावादी पंथ स्त्रियांनाही मोजतात, पण आपल्याकडची बहुतेक सिनेगॉगं परंपरेनं चालणारी.)

म्हणून नकाशा बघा. निम्म्याच्या आसपास ज्यू महाराष्ट्रात, मुख्यतः मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर या ज्यू कुटुंबांच्या आडनावांची गावं रायगडात. तिथे सिनेगॉगं उरली, माणसं पांगली. कोचीत १५६८ चं 'परदेशी' नावाचं सिनेगॉग उभं आहे, पण तिथला समाज १९५० च्या दशकापासून जवळजवळ सगळाच इस्रायलला गेला. कोलकात्याच्या बगदादी (इराककडून आलेल्या) ज्यूंचं तेच, फक्त त्यांच्या वाटा लंडन-सिडनीकडेही गेल्या. मणिपूर-मिझोराममधले बेने मेनाशे, म्हणजे स्वतःला प्राचीन ज्यूंचे वंशज मानणारा समाज, हा वेगळाच हिशेब. त्यांनी ज्यू म्हणून नोंद केली की जनगणना ती घेते. इस्रायलमध्ये मात्र त्यांना रीतसर धर्मांतर करावं लागतं.

१९५१ मध्ये भारतातला ज्यू समाज पंचवीस हजारांच्या वर होता. घट झाली ती मुख्यतः स्थलांतरानं, छळानं नव्हे. आणि गेले ते बहुतांशी तरुण, म्हणजे पुढची लग्नं आणि मुलंही तिकडेच. तेव्हा यापुढे कुणी 'पाच हजार' म्हटलं, तर जिल्हा आणि वयोगट विचारा.