नवं किट टाकलं म्हणजे जुनी चेनसॉ नवी झाली, हे खरं नाही

जुन्या चेनसॉबद्दल, म्हणजे लाकूड कापायच्या पेट्रोलच्या करवतीबद्दल, एक सल्ला सध्या जिकडेतिकडे फिरतो आहे. तो थोडक्यात असा: जाम झालेली चेनसॉ पडेल भावात घ्या, तिला आफ्टरमार्केटचं (मूळ कंपनीचं नसलेलं), मोठ्या बोअरचं म्हणजे आतला व्यास वाढवलेलं सिलिंडर-पिस्टन किट बसवा, मफलरला, म्हणजे धूर सोडणाऱ्या डब्याला, मोठं भोक पाडा, कार्बोरेटरचा स्क्रू आवळून रेस वाढवा, चेन झटक्यात थांबवणारा चेन ब्रेक तुटलेला असला तरी त्याच्या नादी लागू नका, दोन तासांत नव्यापेक्षा दणकट मशीन हातात. मी स्वतः जुन्या चेनसॉ उघडून जुळवतो. आफ्टरमार्केट पार्ट वापरतो आणि पुढेही वापरणार आहे. म्हणूनच हा सल्ला जास्त टोचतो. यातल्या प्रत्येक पायरीचा महत्त्वाचा भाग गाळलेला आहे.

"पिस्टन जाम झाला की किट बदला, विषय संपला." इथूनच चूक सुरू होते. पिस्टन आपणहून जाम होत नाही, त्याला काहीतरी जाम करतं, आणि ते कारण किटच्या डब्यातून बदलून येत नाही. मफलर काढा, बॅटरीच्या उजेडात एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर जायच्या, खिडकीतून पिस्टनकडे बघा. ओरखडे मुख्यतः एक्झॉस्टच्या बाजूला, उभे आणि खोल असतील तर मशीन लीन चाललं आहे: पेट्रोल कमी, हवा जास्त, उष्णता भरमसाट. इनटेकच्या, म्हणजे मिश्रण आत यायच्या, बाजूला पिस्टन राखाडी आणि घासल्यासारखा असेल तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे. चारही अंगांनी सोलला असेल तर बहुधा कुणीतरी ऑइल न मिसळता नुसतं पेट्रोल भरलं होतं.

सर्वांत फसवं कारण म्हणजे चोरून शिरणारी हवा. अशा टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे सिलिंडरखालच्या पोकळीतून, वर जातं, त्यामुळे क्रँककेस हवाबंद असावीच लागते. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनची क्रँकची ऑइल सील कडक होतात, कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबराला बारीक चिरा जातात. तिथून आत येणारी हवा कार्बोरेटरच्या पुढे शिरते, त्यामुळे कार्बोरेटरला तिचा पत्ताच नसतो. आणि ऑइल पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी पडतं.

मी पहिल्या खेपेला हेच केलं होतं. नवं किट बसवलं, मशीन दुसऱ्या दोरीला सुरू झालं, मी खूश. तिसऱ्या टाकीला लाकडातच जाम झालं. उघडलं तर नव्या पिस्टनवर जुन्या पिस्टनवरचेच ओरखडे, त्याच बाजूला. फ्लायव्हीलकडचं सील इतकं कडक झालं होतं की नखाने दाबलं तर तुकडा निघाला. तेव्हापासून प्रेशर टेस्ट केल्याशिवाय मी मशीन जुळवत नाही. एक्झॉस्ट आणि इनटेक रबराच्या पट्टीने बंद करायचे, आत साधारण ०.५ बार दाब भरायचा आणि क्रँक हळूहळू फिरवत काटा स्थिर राहतो का ते बघायचं. मग तेवढाच व्हॅक्यूम लावून पुन्हा बघायचं, कारण सीलची ओठासारखी कड आतून दाबली की घट्ट बसते आणि ओढली की सुटते. नुसत्या दाबावर पास झालेलं सील व्हॅक्यूमला नापास होतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

"जाम झालं म्हणजे जुनं सिलिंडर भंगारात." हेही घाईचं. बहुतेक चांगल्या चेनसॉच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा फार कठीण थर असतो. जे ओरखडे दिसतात ते पुष्कळदा त्या थरावर पसरलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. कापसाच्या काडीने तेवढ्याच जागी हायड्रोक्लोरिक ॲसिड लावलं की फेस येतो आणि ॲल्युमिनियम विरघळतं. फेस थांबला की खालचा थर शाबूत आहे असं समजायचं. फेस थांबतच नसेल तर थर फुटला आहे आणि ॲसिड सिलिंडरच खातं आहे. तिथेच हात थांबवा आणि भरपूर पाण्याने धुवा. पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या खिडक्यांच्या, कडेला ॲसिड लागू द्यायचं नाही, तिथे उघडं ॲल्युमिनियम असतं. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करायचं. असं वाचवलेलं कंपनीचं सिलिंडर आणि त्यात चांगला आफ्टरमार्केट पिस्टन ही जोडी मला स्वस्तातल्या पूर्ण किटपेक्षा केव्हाही पसंत आहे.

"बोअर मोठा, ताकद मोठी." आकडे मांडून बघू. स्टिल कंपनीच्या ०६६ किंवा एमएस ६६० या चेनसॉचा बोअर ५४ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ४० मिमी, म्हणजे सुमारे ९१.६ सीसी. बिग बोअर किट ५६ मिमीचं येतं, त्याचे होतात ९८.५ सीसी. वाढ साडेसात टक्क्यांची. हुस्कवार्ना कंपनीच्या ३७२ एक्सपी चेनसॉत बोअर ५० चा ५२ मिमी केला तर ७०.७ चे ७६.५ सीसी, म्हणजे आठ टक्के. एवढी वाढ पोर्टची खराब मांडणी आणि ढिलं कॉम्प्रेशन सहज गिळून टाकतं.

ती गिळली जाते कुठे, हे सोल्डरच्या तुकड्याने कळतं. स्पार्क प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवायची, पिस्टन पिनच्या रेषेत धरायची, क्रँक एकदा वरून फिरवायचा आणि चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजायचं. पिस्टनचा माथा आणि सिलिंडरचं डोकं यांतलं अंतर म्हणजे त्या टोकाची जाडी. साधारण अर्धा मिलिमीटर चांगलं, त्याहून कमी असेल तर धोका. मला एका किटमध्ये सव्वा मिलिमीटर मिळालं होतं. तसंच जुळवलं असतं तर मोठा बोअर असूनही मशीन मूळच्यापेक्षा ढिलं चाललं असतं. पोर्टच्या कडाही बोटाने तपासा. कच्च्या किटमध्ये त्या धारदार राहतात आणि रिंग तिथे अडकून तुटते. बारीक दगडाने कड हलकी मोडावी लागते. किटबरोबर आलेल्या पिस्टन पिनच्या सर्कलिप (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या) मी वापरत नाही, कंपनीच्याच टाकतो. एवढीशी तार सुटली की सगळं सिलिंडर जातं.

"मफलर उघडा, स्क्रू आवळा." मफलर उघडण्याने फायदा होतो, हे मान्य. पण बाहेर जायची वाट मोकळी झाली की आत हवा जास्त येते आणि मिश्रण आणखी लीन होतं. म्हणजे एच स्क्रू (कार्बोरेटरमधला, पूर्ण वेगाला पेट्रोल किती जावं ते ठरवणारा) आवळायचा नाही, सोडायचा. आवळल्यावर रेस चढते, आवाज तीक्ष्ण होतो आणि ऐकणाऱ्याला ताकद वाढल्यासारखं वाटतं. खरं तर थंडावा आणि वंगण दोन्ही कमी झालेले असतात. पूर्ण ट्रिगरवर, लाकडाबाहेर, मशीन थोडं फाटक्या, अडखळत्या आवाजात चालायला हवं. लाकडात घातलं की तोच आवाज स्वच्छ व्हायला हवा. काही इग्निशन कॉइलमध्ये रेव्ह लिमिटर, म्हणजे वेग मर्यादेबाहेर न जाऊ देणारा भाग, असतो आणि त्याचाही आवाज असाच फाटका येतो, म्हणून फेरे मोजणारं टॅकोमीटर लावून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. एम-ट्रॉनिक किंवा ऑटोट्यून ही मिश्रण आपोआप जुळवणारी यंत्रणा असलेल्या मशीनला हा स्क्रूच नसतो. मफलरमधली ठिणगी अडवणारी जाळी मात्र काढू नका. वाळक्या गवताला एक ठिणगी पुरते.

आणि हे सगळं करताना चेनकडे कुणी बघतच नाही. जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणारी अळी बारकाईने पाहिली, ती जबडे डावीकडे-उजवीकडे चालवत लाकूड कसं कातरते ते हेरलं, आणि त्यावरून आजच्या चेनच्या दाताचा आकार काढला. तो दात बोथट असेल तर आठ टक्के सीसी कुठेच दिसत नाहीत. करवतीखाली भुसा पीठासारखा पडत असेल तर आधी कानस घ्या. दातापुढच्या उंचवट्याची उंची मोजायची पट्टी आणा. बऱ्याच चेनना दात आणि त्या उंचवट्यात ०.६५ मिमी फरक लागतो.

राहिला चेन ब्रेक. बारच्या, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते त्या पट्टीच्या, टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की बार उसळून माणसाकडे येतो, आणि तो हात सावरण्याच्या आत येतो. ताकद वाढवलेल्या मशीनमध्ये तर तो जास्तच जोराने येतो. त्या क्षणी क्लचच्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा चेन थांबवतो, दुसरं काही नाही. माझ्याकडे कुठलंही जुनं मशीन आलं की इंजिनाला हात लावण्याआधी मी तो पट्टा आणि त्याची स्प्रिंग बघतो. झिजलेला असेल तर पहिला नवा पार्ट तोच येतो, आणि तो कंपनीचाच.